ओळखपत्र नव्हे, यादीतली ओळ: गाव सोडलेल्या मतदाराने विधानसभेच्या मतदानासाठी काय करावे

प्रश्न विचारणाऱ्या ताई मूळच्या लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातल्या आहेत. दोन वर्षांपासून त्या पुण्याजवळ वाकडला भाड्याच्या सदनिकेत राहतात आणि नोकरी हिंजवडीत करतात. मतदार ओळखपत्र गावाकडचे आहे. विधानसभेला इथेच मत देता यावे म्हणून नवे ओळखपत्र काढावे का, गावचे नाव तसेच ठेवले तर काय बिघडते, सप्टेंबरात अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्या धाकट्या भावाची नोंदणी केव्हा करावी आणि गावी असलेल्या सत्त्याऐंशी वर्षांच्या आजींना केंद्रापर्यंत न नेता मत देता येईल का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. चौदा वर्षे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला बीएलओ, म्हणून यादीचे काम केले आणि लोकसभा-विधानसभेच्या अनेक निवडणुकांत मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम पाहिले. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण बाकीच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात. मतदार ओळखपत्र जवळ असले म्हणजे मत देता येते असे नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ६२ नुसार ज्याचे नाव त्या मतदारसंघाच्या यादीत आहे त्यालाच मत देता येते, आणि ओळखपत्र केवळ यादीतली व्यक्ती तीच आहे हे पटवण्यापुरते असते. एका निवडणुकीत सकाळी आठच्या सुमारास एक गृहस्थ माझ्या केंद्रावर आले. रात्रभर एसटीने प्रवास करून, पत्नीला आणि दोन लहान मुलांना घेऊन ते गावी पोहोचले होते. हातातले ओळखपत्र खरे होते, गावातले चार लोक त्यांना नावाने हाक मारत होते, मतदान प्रतिनिधींपैकी एकाचीही हरकत नव्हती. पण यादीत पत्नीचे नाव होते आणि त्यांचे नव्हते. यादीत नाव नसलेल्या माणसाला मतदान करू देण्याचा अधिकार केंद्राध्यक्षाला नाही, जिल्हाधिकाऱ्यांनाही त्या दिवशी तो नाही. त्यांना परत पाठवताना मला जे वाटले ते मी आजवर विसरलेलो नाही, आणि त्या दिवसापासून भेटेल त्याला मी एकच गोष्ट सांगत आलो आहे, की ओळखपत्र पाकिटात आहे का हे पाहू नका, यादीत नाव आहे का ते पाहा.

नाव पाहण्यासाठी भारत निवडणूक आयोगाचे मतदार सेवा पोर्टल आहे, ईसीआयनेट (पूर्वीचे व्होटर हेल्पलाइन) हे ॲप आहे आणि १९५० हा दूरध्वनी क्रमांक आहे. पोर्टलवर नावाने शोधण्यापेक्षा ओळखपत्रावरील दहा अंकाक्षरांच्या क्रमांकाने शोधावे. आडनावाचे एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले, किंवा यादीत वडिलांच्या नावाऐवजी पतीचे नाव असले, तर नावाने शोधताना नोंद सापडत नाही आणि नाव वगळले गेले असा समज होतो. नोंद सापडली की विधानसभा मतदारसंघ, यादीचा भाग क्रमांक आणि त्या भागातला अनुक्रमांक लिहून ठेवावा. मतदानाच्या दिवशी केंद्रावर तुमचे नाव याच दोन क्रमांकांवरून शोधले जाते.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. ताई, तुम्ही नवी नोंदणी करू नका. नव्या नोंदणीचा नमुना ६ हा ज्यांचे नाव देशातल्या कोणत्याही यादीत नाही अशांसाठी आहे, आणि त्यात तसे घोषणापत्र सही करून द्यावे लागते. ज्याचे नाव आधीच कुठेतरी आहे त्याच्यासाठी नमुना ८ आहे. १ ऑगस्ट २०२२ पासून हा अर्ज चार कामांसाठी वापरला जातो: निवास बदलणे, नोंदीत दुरुस्ती करणे, हरवलेल्या किंवा खराब झालेल्या ओळखपत्राऐवजी दुसरे मागणे आणि दिव्यांग मतदार म्हणून नोंद करून घेणे. दुसऱ्या मतदारसंघात राहायला गेल्यास पूर्वी नमुना ६ च भरावा लागत असे. आजही सायबर कॅफेत आणि सोसायट्यांच्या शिबिरांत जुन्या सवयीने तोच भरून दिला जातो आणि एका माणसाची दोन नावे तयार होतात. नमुना ८ नवीन ठिकाणच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे जातो. तो मंजूर झाला की इथे नाव चढते, गावचे नाव कमी होते आणि ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो.

नवीन ठिकाण नेमके कोणते, हेही नीट पाहावे. वाकड चिंचवड विधानसभा मतदारसंघात आहे, तर रस्ता ओलांडल्यासारखे शेजारी असलेले हिंजवडी मुळशी तालुक्यातले असल्यामुळे भोर मतदारसंघात मोडते. मत राहत्या जागेवरून ठरते, नोकरीच्या जागेवरून नव्हे. म्हणून तुमचा अर्ज चिंचवडचा असेल.

गावचे नाव ठेवले तर काय बिघडते, या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने द्यावे लागेल. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे कलम १७ सांगते की एका व्यक्तीचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांत असू शकत नाही, आणि कलम १८ सांगते की एकाच मतदारसंघात ते दोनदा असू शकत नाही. खोटे घोषणापत्र दिल्यास कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा दोन्हीकडे नाव ठेवण्याचा पर्यायच नाही. एकाच ठिकाणी, पण गावीच ठेवावे का, हा मात्र खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर "सर्वसाधारण रहिवासी" या शब्दांत आहे. कलम १९ प्रमाणे माणूस जिथे सर्वसाधारणपणे राहतो तिथेच त्याची नोंद होते. कलम २० म्हणते की एखाद्या गावात घर किंवा जमीन असणे एवढ्यावरून कोणी तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही, आणि त्याच कलमात असेही आहे की तात्पुरते बाहेर गेल्याने कोणाचा रहिवास संपत नाही.

या दोन वाक्यांमधल्या जागेत महाराष्ट्रातले लक्षावधी लोक राहतात. बीडचा ऊसतोड कामगार गाळप हंगामासाठी सहा महिने कारखान्याच्या परिसरात कोपीवर असतो. तो तात्पुरता बाहेर आहे, त्याचा रहिवास गावीच आहे आणि त्याचे नाव गावच्या यादीतून कमी करणे चूक आहे. आयटी कंपनीत कायम नोकरी करणारा, दिवाळीला चार दिवस गावी जाणारा माणूस मात्र कायद्याच्या दृष्टीने पुण्याचा रहिवासी झालेला असतो. तुम्हीही त्याच बाजूला येता. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र आई-वडिलांच्या घरी नाव ठेवावे की वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदवावे, याची निवड करता येते. वसतिगृहाचा पत्ता द्यायचा असल्यास संस्थेच्या प्रमुखाचा दाखला जोडावा लागतो.

घरोघरी पडताळणी करताना आम्हाला सर्वांत कठीण जाते ती कुलूप असलेली दारे. शेजारी सांगतात, "ते पुण्याला गेले." कोण कायमचे गेले आणि कोण हंगामापुरते गेले हे शेजाऱ्याच्या एका वाक्यावरून ठरवता येत नाही, ठरवूही नये, पण घाईत तसे ठरवले जाते आणि नावापुढे "स्थलांतरित" असा शेरा पडतो. वगळण्यापूर्वी नोटीस पाठवली जाते, परंतु ती त्याच कुलूपबंद घराच्या पत्त्यावर जाते. विशेष सखोल पुनरीक्षणात, म्हणजे संपूर्ण यादी नव्याने तपासण्याच्या मोहिमेत, तर प्रत्येक मतदाराला गणना प्रपत्र भरून परत द्यावे लागते. २०२५ मध्ये ते आधी बिहारमध्ये आणि वर्षाच्या अखेरीस गोव्यासह बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाले. ज्याचे प्रपत्र परत येत नाही त्याचे नाव प्रारूप यादीत येत नाही. ते प्रपत्र येते यादीतल्या पत्त्यावर. यादीतला पत्ता आणि राहता पत्ता वेगळा असलेल्या माणसाचे नाव केव्हाही अधांतरी होऊ शकते, आणि तुम्ही नाव इथे आणावे असे मी म्हणतो त्याचे व्यावहारिक कारण हेच आहे.

नमुना ८ सोबत निवासाचा पुरावा लागतो. आधार, राष्ट्रीयीकृत किंवा अनुसूचित बँकेचे वा टपाल खात्याचे पासबुक, पारपत्र, वीज, पाणी किंवा गॅसचे देयक, नोंदणीकृत भाडेकरार किंवा खरेदीखत यांपैकी एक चालते. देयक आई-वडील किंवा पतीच्या नावावर असले तरी चालते. पुण्यातल्या भाडेकरूंची अडचण मला ठाऊक आहे: अकरा महिन्यांचा करार सदनिकेत राहणाऱ्या तिघींपैकी एकीच्याच नावावर असतो, वीज मालकाच्या नावावर असते आणि आधारवर गावचा पत्ता असतो. अशा वेळी बँकेत पत्ता बदलून पासबुक अद्ययावत करून घेणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. यांपैकी काहीच नसले तरी अर्ज नाकारावा असा नियम नाही. मग बीएलओने प्रत्यक्ष भेट देऊन पडताळणी करणे अनिवार्य ठरते. बेघर माणसाचीही नोंदणी होते. तो जिथे झोपतो असे सांगतो तिथे बीएलओने रात्री जाऊन खात्री करायची असते, आणि ती झाली की पत्त्याचा कागद मागितला जात नाही. आधार क्रमांक देणे ऐच्छिक आहे, आणि तो दिला नाही एवढ्याच कारणाने अर्ज फेटाळता येत नाही.

विवाहानंतर नाव आणि घर दोन्ही बदललेल्या महिलांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एका नमुना ८ मध्ये एकच कारण निवडता येते. म्हणून आधी निवासबदलाचा अर्ज करावा आणि तो मंजूर झाल्यावर नावाच्या दुरुस्तीचा दुसरा अर्ज करावा. सासरी नव्या नावाने नमुना ६ भरला की माहेरचे नाव तसेच राहते, आणि पुढे दुबार नावे शोधताना कधी कधी नेमके चुकीचे नाव कमी होते. हे मी माझ्याच यादीभागात अनेकदा निस्तरले आहे.

अर्ज भरल्यावर पोचक्रमांक मिळतो, तो जपावा. अर्जांची यादी प्रसिद्ध होते, हरकतीसाठी सात दिवस ठेवावे लागतात, बीएलओ घरी येतो आणि त्यानंतर मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतात. बीएलओ आला तेव्हा दार बंद होते आणि फोन उचलला नाही, एवढ्या कारणाने कितीतरी अर्ज रखडतात. ओळख नसलेल्या क्रमांकावरून फोन आला तर त्या काही दिवसांत तो घ्यावा, आणि सोसायटीच्या सुरक्षारक्षकालाही सांगून ठेवावे. अर्ज फेटाळला गेला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते आणि तिथेही समाधान झाले नाही तर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे अपील करता येते.

मुदतीबाबत बहुतेकांची कल्पना चुकीची असते. निवडणूक जाहीर झाली की नाव नोंदवू, असे लोक म्हणतात. कायद्याने नामनिर्देशनपत्रे भरण्याच्या अखेरच्या दिवसानंतर यादीत बदल होत नाही, आणि मधले सात दिवस व पडताळणीचा वेळ धरला तर अर्ज त्याच्या सुमारे दहा दिवस आधी यावा लागतो. २०२४ ची विधानसभा निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली, नामनिर्देशनाचा अखेरचा दिवस २९ ऑक्टोबर होता आणि त्या निवडणुकीपुरते अर्ज १९ ऑक्टोबरपर्यंतच घेतले गेले. घोषणेनंतर हाती उरले ते चार दिवस. पुढची सर्वसाधारण निवडणूक २०२९ च्या अखेरीस अपेक्षित असली तरी पोटनिवडणूक केव्हाही लागू शकते. शिवाय महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांसाठी राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेऊन तिचे प्रभागनिहाय विभाजन करतो. त्यासाठी वेगळी नोंदणी नसते. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचे मात्र तसे नाही. त्यांची यादी दर निवडणुकीला नव्याने केली जाते आणि मागच्या वेळी नाव होते म्हणून या वेळी असेलच असे नाही.

धाकट्या भावाचा प्रश्न सोपा आहे. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख, म्हणजे ज्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात ती तारीख, होती, त्यामुळे सप्टेंबरात अठरा पूर्ण करणाऱ्याला पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागे. २०२१ च्या सुधारणेनंतर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या आहेत. त्याची अर्हता १ ऑक्टोबरला पूर्ण होईल आणि सतरा वर्षे पूर्ण झालेली असल्यामुळे तो आगाऊ अर्ज आजही करू शकतो. त्याच्यासाठी नमुना ६ च योग्य आहे. वयासाठी जन्मदाखला, दहावी-बारावीचे जन्मतारीख असलेले प्रमाणपत्र, आधार, पॅन, वाहन परवाना किंवा पारपत्र यांपैकी एक जोडावे. घरातल्या कोणाचा तरी ओळखपत्र क्रमांक दिला, तर एका घरातली नावे एकाच यादीभागात येण्यास मदत होते.

आजींसाठी घरून मतदानाची सोय आहे. पंच्याऐंशी वर्षांवरील मतदार आणि किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असलेले मतदार यांना नमुना १२ ड भरून टपाली मतपत्रिकेने घरी मत देता येते. वयाची ही अट मार्च २०२४ पर्यंत ऐंशी वर्षांची होती. अर्ज बीएलओ घरी आणून देतो, आणि निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत तो भरून परत जावा लागतो. त्यानंतर दोन मतदान अधिकाऱ्यांचे पथक, चित्रीकरण करणारा आणि सुरक्षा कर्मचारी ठरल्या दिवशी घरी येतात. मत गुप्तपणेच दिले जाते आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींना हजर राहता येते. पहिल्या भेटीत मतदार घरी नसल्यास पथक आणखी एकदाच येते. एकदा ही सोय मंजूर झाली की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, म्हणून आजींना गावातल्या शाळेत जाऊन मत देण्याची हौस असेल, आणि या वयातल्या कितीतरी जणींना ती असते, तर अर्ज भरण्याआधी त्यांना विचारावे. केंद्रावर त्यांना रांगेत उभे राहावे लागत नाही.

इथे एक खाच आहे. वय मोजले जाते ते यादीतल्या नोंदीवरून. जुन्या पिढीची वये अनेकदा अंदाजाने लिहिलेली असतात, आणि सत्त्याऐंशीच्या आजी यादीत ब्याऐंशीच्या असतात. आजच नोंद पाहावी आणि चूक असेल तर नमुना ८ ने दुरुस्त करून घ्यावी, कारण अधिसूचनेनंतरच्या पाच दिवसांत ते होत नाही.

मतदानाच्या दिवशीचे काम मात्र लोक समजतात तेवढे अवघड नाही. २०२४ मध्ये सकाळी ७ ते सायंकाळी ६ अशी वेळ होती. बीएलओ आणून देतो ती मतदार माहिती चिठ्ठी केंद्र शोधायला उपयोगी आहे, पण ती ओळखीचा पुरावा नाही. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पारपत्र, छायाचित्र असलेले बँक वा टपाल पासबुक, रोजगार हमीचे जॉब कार्ड, छायाचित्रासह निवृत्तिवेतनाचा कागद, शासकीय सेवेचे ओळखपत्र, दिव्यांगांचे ओळखपत्र अशी आयोगाने ठरवलेली कागदपत्रे चालतात. मूळ प्रत न्यावी. मोबाईल केंद्राच्या आत नेता येत नाही.

पहिला मतदान अधिकारी यादीच्या चिन्हांकित प्रतीत नाव पाहून मोठ्याने वाचतो, दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावून नोंदवहीत सही घेतो आणि चिठ्ठी देतो, तिसरा ती चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटवरून यंत्र मतासाठी खुले करतो. कक्षात उमेदवारापुढचे निळे बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची छापील चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राच्या, काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते. तेवढा वेळ तिथेच थांबून ती पाहावी. बहुतेक जण आवाज आला की वळतात. कोणताही उमेदवार पसंत नसल्यास शेवटचे नोटाचे बटण २०१३ पासून आहे.

नाव उशिरा चढले असेल तर ते यादीभागाच्या मुख्य क्रमात न सापडता शेवटच्या पुरवणीत असते. "नाव नाही" असे उत्तर मिळाले तर पुरवणी पाहण्याची विनंती करावी. तुमचे नाव गैरहजर, स्थलांतरित व मयत मतदारांच्या वेगळ्या यादीत दिसले तरी तुम्हाला परत पाठवता येत नाही. केंद्राध्यक्षाने अधिक काटेकोरपणे ओळख पटवून मतदान करू द्यायचे असते. तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल तर प्रदत्त मतपत्रिका मागावी. तुमची ओळख पटली की केंद्राध्यक्षाने ती द्यावीच लागते. तो कागद वेगळ्या पाकिटात बंद होतो आणि नेहमीच्या मोजणीत धरला जात नाही, पण निवडणुकीला न्यायालयात आव्हान मिळाले तर त्याला महत्त्व येते, आणि बोगस मतदान झाल्याची लेखी नोंद तर त्याच क्षणी होते. सायंकाळी सहाच्या ठोक्याला जे रांगेत असतील त्या सर्वांना, मग रात्रीचे नऊ वाजोत, मत देता येते. त्या वेळी रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत येतात, त्यामुळे नंतर कोणी मागे घुसू शकत नाही.

नोकरीतल्या सुट्टीची चिंता करू नये. १९५१ च्या अधिनियमातील कलम १३५ ब नुसार मतदानाच्या दिवशी खाजगी आस्थापनेतील आणि रोजंदारीवरील मतदारालाही पगारी सुट्टी मिळते, आणि कामाचे ठिकाण मतदारसंघाबाहेर असले तरी हा हक्क जात नाही. केवळ ज्या कामात गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान होईल तेवढे त्यातून वगळलेले आहे.

ताई, तुमच्यासाठी क्रम असा राहील: आधी पोर्टलवर स्वतःची आणि आजींची नोंद पाहावी, बँकेत वाकडचा पत्ता करून घ्यावा, मग चिंचवडसाठी नमुना ८ भरावा आणि भावाचा नमुना ६ औशासाठी. गावच्या बीएलओचा क्रमांक पोर्टलवर यादीभागासोबत दिलेला असतो. आजींच्या वयाबद्दल त्यांना एकदा फोन करून बोलून घ्यावे. आपल्या भागातली वयोवृद्ध माणसे बहुतेक बीएलओंना घरासकट माहीत असतात.